चोवीस तासांच्या कॅनची मोहीम

ही हकिगत लिहून ठेवावी ऐसी आज्ञा कोणा थोरांनी केली नाही. केली असती तर थोरांचेच गुणवर्णन लिहावे लागते आणि खरे ते राहून जाते. सबब घडले ते घडले तैसे पुढे लिहिले आहे.

एका मोठ्या इस्पितळाचे तिसरे मजल्यावर हाडांच्या झिजेवर संशोधन करणारा विभाग होता आणि तेथील गादीवर मोठे डॉक्टरसाहेब विराजमान होते. साहेबांचा लौकिक थोर. परिषदांस जाणे बहुत, रोग्यांकडे येणे क्वचित. त्यांनी मनसुबा केला की हाडे झिजलेल्या चाळीस बायका जमवाव्या, त्यांस दोन वर्षे कॅल्शियमच्या गोळ्या द्याव्या, मग निबंध लिहून दिगंत कीर्ती करावी. एकोणचाळीस जमल्या आणि चाळिसावी मिळेना, तेणेकरून साहेबांस अन्न गोड लागेना. विभागाचा दरोबस्त कारभार एका सिस्टरांकडे होता. रक्त काढणे, नोंदी ठेवणे आणि साहेबांचा चष्मा शोधून देणे ही तिन्ही कामे त्यांचीच, आणि तिन्हींत शाबासकी मिळे ती चष्म्याची.

ऐसियात शिवणकाम करणाऱ्या एक मावशी, उमर बासष्ट, किटली उचलता उचलता मनगट मोडून दाखल जाहल्या. त्यांची हाडे तपासता चाळणी जाहलेली निघाली, आणि साहेबांस परमसंतोष जाहला. परंतु रक्तातील कॅल्शियम, जे दहाच्या आसपास असावे, ते बारा आले. ज्या बाईच्या रक्तात आधीच कॅल्शियम उतू जाते तिला आणखी गोळ्या कशास, ऐसी शंका सिस्टरांनी हुजुरास अर्ज केली. तिजवर हुकूम जाहला की रक्त काढताना दंडाचा पट्टा जास्त आवळला असेल, चूक सिस्टरांची आहे. मग सिस्टरांनी पट्ट्यावाचून रक्त काढिले आणि पुन्हा बारा आले. साहेब परिषदेच्या भाषणास चित्रे जोडीत होते. मान वर न करिता फर्मान सोडिले की नाव आजच नोंदवावे, मनगटाची शस्त्रक्रिया उद्या करावी, गोळ्या परवापासून.

सिस्टर जाऊन मावशींचे खाटेपाशी बसल्या आणि विचारपूस केली. तों कळले की मुतखडा दोन वेळा जाहला होता. मागील खड्याचे शस्त्रक्रियेत हृदयाचे ठोके बिघडले आणि भूल उतरावयास अवघा दिवस गेला होता. तहान फार, पोट साफ नाही, आणि हात मोडण्याआधी चुकून ब्लाउजाची बाही गळ्यास जोडिली. मावशींचे यजमान, ज्यांस सारा वॉर्ड काका म्हणे, ते बायकोची सर्व उत्तरे स्वतः देत होते आणि प्रत्येक उत्तराचे अखेरीस वय झालं, वय झालं, ऐसे म्हणत होते. ते पाणी आणावयास गेले तेव्हा मावशी हळूच बोलल्या.

“सिस्टर, मी म्हातारी नाही झाले हो. मला कुणीतरी धुक्यात बसवून ठेवल्यासारखं वाटतं.”

हे ऐकोन सिस्टर उठल्या त्या थेट भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. या बाईंस इस्पितळात नन्नाबाई म्हणत, कारण की त्या प्रथम नाही म्हणत आणि नंतर कारण विचारीत. त्यांनी कागद पाहिला, जुन्या भुलीची हकिगत ऐकिली आणि एवढेच म्हणाल्या, “हा आकडा उतरल्याशिवाय मी हिला झोपवणार नाही. झोपवणं सोपं असतं, सिस्टर.”

उद्याची शस्त्रक्रिया राहिली, हाताला कच्चे प्लास्टर पडले आणि साहेब बहुत खवळले. अखेर तह जाहला तो येणेप्रमाणे, की कॅल्शियमवर हुकूमत चालविणारा जो ग्रंथीरस, म्हणजे हार्मोन, त्याची रक्तात तपासणी करावी, चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमवून तीतील कॅल्शियम मोजावे, आणि सिस्टर खोट्या ठरल्या तर त्यांनी लेखी माफी मागावी.

मग कॅनची मोहीम सुरू जाहली. पांढरा, पाच लिटरचा कॅन न्हाणीघरात स्थापन केला. पहिले दिवशी अठरा तास फौज उत्तम जमली आणि एकोणिसावे तासी काकांनी, बायकोच्या सेवेत काही उणे पडो नये म्हणून, कॅन ओतून साबणाने लख्ख घासून ठेविला. सिस्टरांनी रिकामा कॅन उचलून आत पाहिला. रागे भरल्या नाहीत. न्हाणीघराचे दार लावून घेतले, रडल्या, तोंड धुतले आणि बाहेर येऊन काकांस त्याच कॅनची किल्लेदारी दिली. काकांनी दुसरे दिवशी स्टूल टाकून ऐसी चौकी बसविली की सफाईवाल्या बाईंची तेथे मात्रा चालेना. खासे साहेब हात धुवावयास आले असता त्यांसही दुसरा नळ दाखविण्यात आला.

चोवीस तास भरले तों लिफ्ट बंद. सिस्टर भरला कॅन पोटाशी धरून तीन मजले उतरल्या. प्रयोगशाळेचे कारकून खिडकी लावीत होते, त्यांनी उद्या या म्हणोन सांगितले. सिस्टरांनी कॅन खिडकीचे फळीवर ठेविला आणि म्हणाल्या, “ठीक आहे, मग मी इथेच उभी राहते.” वासाचा विचार करोन कारकुनांनी पावती फाडली.

निकाल आला. लघवीत कॅल्शियम अफाट, ग्रंथीरस दुप्पट. मानेचे चित्र काढिता थायरॉइडच्या आड वाटाण्याएवढी गाठ सापडली, जी तोच रस सोडून हाडे पोखरीत होती आणि ऐवज रक्तात ओतीत होती. मग सलाइन लावून आकडा उतरविला, नन्नाबाईंनी भूल दिली, सर्जनांनी गनीम गाठ मुळापासून काढिली आणि त्याच भुलीत मनगटही बसविले. काका दाराबाहेर बसले होते आणि त्या दिवशी वयाविषयी काही बोलले नाहीत. शस्त्रक्रिया सरल्यावर पाऊण तासात मावशींनी डोळे उघडिले.

दुसरे दिवशी भुकेली हाडे रक्तातील कॅल्शियम ओढू लागली, मावशींचे ओठांस मुंग्या आल्या, बोटे वाकडी होऊ लागली. नन्नाबाईंनी हे आगाऊ बजाविले होते, सिस्टर टपून होत्या, तत्काळ शिरेतून कॅल्शियम दिले आणि पुढे गोळ्या सुरू केल्या. गोळ्या पाहताच साहेब सर्वांसमक्ष म्हणाले की कॅल्शियम द्या, हे आपण पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

चौथे दिवशी सिस्टर खाटेपाशी गेल्या तों काका मावशींच्या वतीने उत्तर देऊ लागले. मावशींनी त्यांचे गुडघ्यावर हात ठेविला आणि म्हणाल्या, “तुम्ही थांबा. मला विचारलंय.” काका थांबले आणि बायकोकडे ऐसे पाहू लागले की जणू ती परगावाहून बहुत वर्षांनी आली आहे.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मावशी संशोधनास अपात्र ठरल्या आणि साहेब पुन्हा एकोणचाळिसांवर आले. वगळण्याचे कारण या रकान्यात सिस्टरांनी स्वहस्ते लिहिले की रुग्ण बरी झाली. शब्द बरा दिसत नाही, बदलावा, ऐसा हुकूम दोन वेळा आला. दोन्ही वेळा सिस्टर बरं म्हणाल्या. रकाना तैसाच आहे.