काल काय खाल्लं?

तुमचा पाय मोडलेला असो, कानात किडा गेलेला असो, की बैलानं ढुशी दिलेली असो, मुनीर डॉक्टरांच्या समोर बसलात की पहिला सवाल एकच. "काल काय खाल्लं?"

समोरचा विव्हळत असायचा. "साहेब, पाय..."

"पाय बघतो. पाय कुठं पळून चालला नाही. काल काय खाल्लं?"

"भाकर."

"भाकरीसंगं?"

"चटणी."

"आन परवा?"

इथपर्यंत आलं की बरोबरचे लोक माझ्याकडं बघायचे. मी लोहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. मलम घोटायचं, बाटल्यांवर कागदाच्या खुणा डकवायच्या आणि डॉक्टरांच्या वतीनं लोकांची समजूत काढायची. पहिल्या दोन कामांनी माणूस दमत नाही. तिसऱ्यानं मी पार पिचून गेलो होतो.

निजामाचं राज्य होतं. लढाई कुठंतरी लांब चालली होती आणि तिच्यापायी आमच्याकडं तापावरचं कुनैन येत नव्हतं. ताप मात्र न चुकता येत होता. डॉक्टर मूळचे हैदराबादचे. उंच, वाळकुडे, भर उन्हाळ्यातसुद्धा शेरवानीची सगळी बटणं लावून बसायचे. बेगम फार पूर्वीच वारली होती, एवढंच गावाला ठाऊक. त्यांची मराठी पेशंटांकडून उचललेली, त्यामुळं तीत दुखण्याचे शब्द लई आणि सुखाचे कमी.

सकाळी खुर्चीत बसता बसता विचारायचे, "कंपाउंडर, आज क्या है?"

"ताप, साहेब."

"और?"

"ताप."

"और?"

"खरूज."

मग ते टोपी काढून टेबलावर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. "या अल्ला, एक तरी ढंगाचा आजार पाठव."

ढंगाचे आजार त्यांच्याजवळच्या एका जाड इंग्रजी पुस्तकात होते. दुपारी दवाखाना ओस पडला की ते पुस्तक उघडायचं, आणि जे वाचलं ते संध्याकाळी गावात दिसू लागायचं. तलाठ्याचा अंगठा सुजलेला बघून त्यांनी त्याला हाडं वाढण्याचा कसलासा रोग ठरवला. गांधीलमाशी चावली होती. एकदा एका दुकानदाराची जीभ जांभळी दिसली. डॉक्टर हरखले. त्याची नाडी बघितली, छाती ठोकली, रक्त कसं बिघडलं असेल ते मला अर्धा तास समजावलं. शेवटी दुकानदार म्हणाला, "साहेब, मी जाऊ का? जांभळं उघडी पडल्यात दुकानात."

त्या दिवसापासून हा सवाल सुरू झाला. गावानं त्यांचं नाव ठेवलं काय-खाल्लं डाक्टर.

लोक हसायचे, पण डॉक्टर हळूहळू त्या सवालात मुरत गेले. कोण काय बोलतो, कसा बोलतो, ऐकत राहायचे. मला एकदा म्हणाले, "ध्यानात ठेव. एकदा 'खाल्लं' म्हणाला तर खाल्लं. दोनदा म्हणाला, 'खाल्लं, खाल्लं', तर तो उपाशी. भुका आदमी दोन बार बोलतो." मी मान डोलावली. त्यांच्या असल्या नियमांना मान डोलावून माझी मान दुखायची.

अशात एका बाजारच्या दिवशी जवळच्या वाडीवरचा सटवा धनगर आपल्या पुतणीला घेऊन आला. पोरीचं नाव सुंद्रा. आईबाप नव्हते, चुलत्यानंच वाढवलेली. लगनाला आलेली पोर, पण वाळून काटकी झालेली. भिंतीला टेकून बसली आणि आपल्याशीच पुटपुटत राहिली.

"हगवण लागलीय," सटवा म्हणाला. "पोट बांधायचं औषध द्या. अणदूरच्या जत्रंपतुर चालाय यायला पायजे."

"काल काय खाल्लं?" डॉक्टरांनी पोरीला विचारलं.

ती जागची हलली. "खाल्लं की. खाल्लं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग तिला पदर जरा मागं घ्यायला सांगितला, आणि त्यांचा हात तसाच वर राहिला. तिच्या गळ्याभोवती काळपट, खरखरीत पट्टा होता, पुढून मागून सारखा. कुणी रंगानं ओढावा तसा नेमका. दोन्ही हातांवरही तसेच पापुद्रे, पण चोळीच्या बाहीखाली कातडी स्वच्छ. जीभ लालभडक.

"त्येचं काय न्हाय, साहेब," सटवा घाईनं म्हणाला. "ते देवाचं हाय. तुमी पोटाचं बघा."

"देवाचं कसं?"

मग त्यानं सांगितलं. मुरळी गळ्यात कवड्यांची माळ घालते, तिथंच हा पट्टा उमटला होता. पोर रातभर जागी राहून बडबडायची. जाणत्या लोकांनी सांगितलं, खंडोबानं माळ घातलीय, ती त्याची झाली. आता जत्रेत तिचं देवाशी लगीन लावायचं. म्हणजे मग जन्मभर जत्रेजत्रेनं हातातली घाटी किणकिणवत हिंडायचं. नवरा नाही, पोरंबाळं नाहीत, घर नाही. सांगताना सटवा पोरीकडं बघत नव्हता. त्याला हौस नव्हती. पण देवानं हात ठेवलेलं माणूस घरात ठेवायची छाती कुणाची असणार?

सुंद्रा इतका वेळ पुटपुटत होती. मधेच स्वच्छ म्हणाली, "मला न्हाय जायचं." आणि पुन्हा पुटपुटू लागली.

डॉक्टर आतल्या खोलीत आले, पुस्तक उघडलं आणि माझ्यापुढं धरलं. चित्रात कुणी गोरी बाई होती आणि तिच्या गळ्याला हुबेहूब तोच पट्टा. "पेलाग्रा," ते म्हणाले. "नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्याला होतो. जिथं ऊन लागतं तिथं कातडी जळते. मग पोट, मग डोकं. पूरी उमर में पहली बार देखा."

इतक्या वर्षांनी ढंगाचा आजार दारात आला होता. मीच म्हणालो, "साहेब, धाराशिवहून फोटोवाला बोलावू. फोटोसकट हैदराबादला मोठ्या डॉक्टरांकडं पाठवा, नाव होईल तुमचं. दोन-तीन आठवड्यांत येईल तो."

त्यांनी पुस्तक मिटलं. "पोटात नीट अन्न गेलं की पट्टा जातो. फोटोसाठी तवर हिला काय उपाशी ठेवू?"

बाहेर येऊन ते सटव्यासमोर उकिडवे बसले. शेरवानीसकट. आजार, पेलाग्रा, एक शब्द काढला नाही. विचारलं, "तुमचा देव काय खातो?"

सटवा गोंधळला. "पुरणपोळी. भरीत-रोडगा. बोकड."

"आणि देवाची होणारी बायको नुसती भाकर-चटणी? अशी वाळकी नवरी घेऊन जाणार त्याच्या दारात?"

सटवा पोरीच्या काटकुळ्या हातांकडं बघू लागला.

"जत्रेपर्यंत मी सांगतो ते खाऊ घाल. रोज दूध, मूठमूठ शेंगदाणे, बोकड कापला की कलेजी हिला. पट्टा राहिला तर घेऊन जा."

"आन गेला तर?"

"तू सांग."

सटव्यानं पोरीचा पदर सारखा केला. "गेला तर देवानंच सोडली म्हणायची."

"हौ," डॉक्टर म्हणाले. "बस."

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. दवाखाना उरकला की डॉक्टर सायकल काढायचे, मला मागं बसवायचे आणि वाडीवर जायचे. सटव्याच्या ओट्यावर बसून पोरीच्या हातातला एकेक दाणा तोंडात जाईपर्यंत नजर हलवायचे नाहीत. "चावून. गिळू नको. चावून." बाया पदराआड हसायच्या. एक म्हातारी म्हणाली, "डाक्टर न्हवं ह्यो, सासू हाय." खड्ड्याखड्ड्यानं माझी कंबर खिळखिळी झाली होती, तरी मला ते पटलं.

चुलती वाईट नव्हती. "म्या कवा न्हाय म्हणलं का?" ती डोळे पुसत म्हणाली. "इचारलं की म्हणती, खाल्लं, खाल्लं." शेळ्यांचं दूध बाजारात जायचं. आधी गडी जेवायचे, मग पोरं, मग चुलती. सुंद्रा बसायची तेव्हा पातेल्यात काही नसायचं. परक्याच्या घरी वाढतेय, मागायचं कशाला, असं तिनं मनाशी धरलेलं.

पहिल्यांदा हगवण थांबली. मग ती रात्री झोपू लागली. मग एकदा आम्ही गेलो तर तिनं डॉक्टरांना बसायला घोंगडं टाकलं आणि पुटपुटली नाही. गळ्यावरचे पापुद्रे सुटत होते, खालून कोवळी कातडी येत होती. पण पट्ट्याची कड जाता जात नव्हती, आणि जत्रा जवळ येत होती. त्या दिवसांत डॉक्टर पेशंटांवर उगाच खेकसायचे. "देवाचा वायदा पक्का असतो," मला म्हणायचे. "कातडीचा नाही."

जत्रेला निघायच्या सकाळी सटव्यानं जाणत्यांना बोलावून भर उजेडात पोरीचा गळा दाखवला. काही नव्हतं. सटवा तिथंच खाली बसला आणि रडला. अणदूरला तो गेला, बोकड दिला, भंडारा उधळला. पोरीला बरोबर नेलं आणि बरोबरच परत आणलं. पंचक्रोशीत बोलबाला झाला, तो खंडोबाचा. डॉक्टरांना कुणी विचारलं नाही. फोटो नव्हता, पट्टा नव्हता, हैदराबादला दाखवायला काहीच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "ताप, साहेब." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

पुढं बऱ्याच दिवसांनी, अशाच एका बाजारादिवशी, सुंद्रा आली. भरलेली, हातात फडक्याचं गाठोडं. लग्न ठरल्याचं सांगायला आली होती. रांग मोडून सरळ आत शिरली. डॉक्टर कुणाची तरी छाती तपासत होते. ती समोर उभी राहिली आणि त्यांच्याच आवाजात म्हणाली, "काल काय खाल्लं?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले. कानातली नळी काढता काढता म्हणाले, "खाल्लं, खाल्लं."

माझ्या हातातला बत्ता थांबला.

सुंद्रा हसली नव्हती. तिनं त्यांच्याकडं नीट बघितलं. शेरवानीची कॉलर गळ्यापासून सुटून उभी राहिली होती. मग तिनं टेबलावरची टोपी उचलून बाजूला ठेवली आणि गाठोडं सोडलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, भाजलेले शेंगदाणे. "चावून," ती म्हणाली.

डॉक्टरांनी घास घेतला. मान खाली घालूनच खात राहिले. भाकरीचा दुसरा तुकडा मोडत म्हणाले, "बेगम पूछती थी. उसके बाद किसी ने नहीं पूछा."

बाहेर रांगेतला एक तापकरी कुरकुरला, अजून किती वेळ म्हणून. मी उठलो, दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यात उभा राहिलो.

"थांबा जरा," मी म्हणालो. "साहेब जेवतायत."