एका कोलाचला तीन पाद्री

रास्तकोने मोबाइल टेबलावर उताणा ठेवला होता आणि तो त्याच्याकडे टक लावून बसला होता. फादर गावरिलोंना सकाळी निरोप पाठवला, त्याची अजून पोच नव्हती. उद्या संत निकोलाचा दिवस, म्हणजे व्लाय्कोव घराण्याची स्लावा, कुळाच्या संताचा वार्षिक सण, आणि यंदा हा कुलाचार पहिल्यांदाच रास्तकोच्या घरी व्हायचा होता. नोवी साद शहरात निम्मं गाव याच संताचं आणि उरलेलं निम्मं त्या निम्म्यांच्या घरी जेवायला जाणारं. अशा दिवशी पाद्री मिळवायचा म्हणजे लग्नसराईत आचारी मिळवण्यासारखंच.

रास्तकोच्या वडिलांनी, स्वेतोझारनी, आयुष्यभर ही स्लावा स्वतः केली होती. आता गुडघे बोलायला लागले म्हणून त्यांनी ती मुलाकडे सोपवली, पण अटीवर. पाद्री घरी आला पाहिजे आणि सणाचा गोल पाव, कोलाच, त्याच्या हातून रीतसर कापला गेला पाहिजे. तेवढं जमलं नाही तर पुढच्या वर्षी सगळं परत वडिलांच्या घरी. “तुम्ही लोक हवेतून हवेत पाठवणारे,” ते म्हणाले होते, “जमिनीवरचं एक काम करून दाखव.”

हे रास्तकोला फार लागलं होतं, कारण त्याचं पोटच त्यावर चालत होतं. बिनतारी जाळ्यात एकाच यंत्राला दोन-तीन वाटा असतात. एका वाटेने पाठवलेली माहिती पोचल्याची खूण वेळेत आली नाही, तर तीच माहिती दुसऱ्या वाटेने पुन्हा धाडायची. कधी कशी धाडायची, म्हणजे काही हरवणार नाही, हेच तो दिवसभर ऑफिसात बसून ठरवायचा. त्याची साहेब वेस्ना त्याला सारखी एकच गोष्ट ऐकवायची, की पुन्हा पाठवायला अक्कल लागत नाही. तीच गोष्ट दोनदा आली तर समोरच्याने काय करायचं, ते आधी ठरव. रास्तको म्हणायचा, ते पुढच्या आठवड्यात बघतो.

तर फादर गावरिलोंची पोच येईना म्हटल्यावर त्याने दुसरी वाट धरली. ल्युबिंकाआत्या चर्चच्या गायकवृंदात गात असे आणि शहरातला प्रत्येक पाद्री तिच्या ओळखीचा. तिला फोन करून त्याने सांगितलं, काहीही कर, पण उद्या दुपारी एक पाद्री घरी पाठव. आत्या म्हणाली, बघते. आता ‘बघते’ म्हणजे हो की नाही, हे तिच्या नवऱ्यालाही उभ्या जन्मात कळलं नव्हतं.

बायकोने, सेन्काने, घेवड्याचं भांडं ओव्हनमध्ये सारताना विचारलं, “आणि दोघंही आले तर?”

“नाही येत गं. एक वाट बंद असते म्हणून तर दुसरी ठेवायची.”

दुसऱ्या दिवशी दुपारी फादर गावरिलो दारात हजर. निरोप कालच मिळाला होता, ते म्हणाले, उत्तरही लगेच दिलं होतं. तुमच्या जुन्या नंबरवर गेलं असेल. रास्तकोचा जीव भांड्यात पडला. त्याने त्यांना राकीयाचा, फळांच्या दारूचा, पेला दिला, सेन्काने मेणबत्ती लावली, आणि फादर गळ्यात विधीचा पट्टा अडकवणार एवढ्यात बेल वाजली. दारात फादर तिहोमिर, पलीकडच्या चर्चचे. आत्याने पाठवलेले.

दोन पाद्री एका खोलीत आले की दोघंही फार सज्जन होतात. गावरिलो म्हणाले, आपण वयाने मोठे, आपणच करा. तिहोमिर म्हणाले, छे, वस्ती आपली, मी कसा मध्ये पडू? असं चाललेलं असताना उभं कुठवर राहणार, म्हणून दोघं बसले. बसले म्हणून सेन्काने मासा वाढला. आणि मासा संपायच्या आत पुन्हा बेल वाजली, तर डोंगरातल्या मठातून पांढऱ्या दाढीचे फादर पहोमिये आलेले. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते काही उगीच नाही.

“हे कुणी बोलावले?” सेन्काने स्वयंपाकघरात दात-ओठ खात विचारलं.

रास्तकोला खरंच ठाऊक नव्हतं. त्याने दोनच वाटा वापरल्या होत्या. पण साधूसमान माणसाला दारातून कोण परत पाठवणार? आता मोठे कोण हा प्रश्न तिहेरी झाला आणि सौजन्याला ऊत आला. तेवढ्यात वडीलही आले. त्यांनी तिघांकडे पाहिलं, कोलाचकडे पाहिलं आणि ते टोपी मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

पण हे तीन पाद्री काही रास्तकोच्या एकट्याचे नव्हते. अर्ध्या शहरात यजमान हातात सुरी घेऊन त्यांची वाट पाहत होते. तिघांच्या खिशातले फोन आळीपाळीने वाजू लागले. शेवटी सेन्कानेच गावरिलोंचा फोन उचलला आणि पलीकडच्या बाईला सांगितलं, “तुम्हीच या ना इकडे, कोलाच घेऊन. तीन-तीन आहेत इथे.”

झालं. ही बातमी फोनवरून फोनवर गेली आणि हिला मात्र पुन्हा पाठवायची गरज पडली नाही. अर्ध्या तासात जिन्यावर कोलाच आणि मेणबत्त्या घेतलेल्या माणसांची रांग लागली. खालचा मिलोराद, ज्याने चार वर्षांत कधी रामराम केला नव्हता, तो राकीयाची बाटली घेऊन आला. एक पाद्री बाहेरच्या खोलीत, एक झोपायच्या खोलीत आणि पहोमिये गॅलरीत, असे तिघं झपाट्याने कोलाच कापू लागले. प्रत्येक जण जाताना रास्तकोचा हात दाबून म्हणे, स्लावा असावी तर अशी. मासा संपला, घेवडा संपला, शेजारणीची उसनी आणलेली लोणचीही संपली. रास्तको नुसता या खोलीतून त्या खोलीत घाम पुसत पळत होता.

संध्याकाळी तिन्ही पाद्री एकमेकांना आशीर्वाद देत निघून गेले. घर शांत झालं. सेन्का टेबल पुसता पुसता थांबली. मधोमध, विझत आलेल्या मेणबत्तीशेजारी, त्यांचा स्वतःचा कोलाच तस्साच होता. अख्खा.

गावरिलोंना वाटलं तिहोमिरनी कापला. तिहोमिरना वाटलं पहोमियेंनी. पहोमियेंना तर कुणी सांगितलंच नव्हतं की कोलाच कुठला कुणाचा.

रास्तको मटकन खाली बसला. त्याला अगदी रडायला आलं. “बाबा, तुमचं बरोबर होतं,” तो म्हणाला. “तीन पाद्री घरात येऊन गेले आणि आपलाच राहिला. घेऊन जा स्लावा तुमच्या घरी.”

स्वेतोझारनी टोपी हातात फिरवली.

“तीन नाही,” ते म्हणाले. “दोन तुझे. पहोमिये माझे.”

“तुमचे?”

“तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून नव्हे हं.” मग त्यांनी घसा साफ केला. “नव्हता, म्हणूनच. पण माझ्याही पाद्र्याने काय दिवे लावले ते बघतोयस ना? आता मी कुठल्या तोंडाने बोलू?” ते गुडघ्यावर हात टेकून उठले. “पाद्री नाही आला तर यजमानाने कापायचा, ही जुनीच रीत आहे. ऊठ. यजमान आहेस ना?”

रास्तकोने सुरी घेतली. कोलाचवर नीट क्रूस कापला आणि सेन्काने त्यावर लाल वाइन ओतली. बापलेकांनी तो दोन्ही बाजूंनी धरून हळूहळू फिरवला आणि मोडला. मोठा तुकडा, म्हणजे वर्षभराचं भाग्य, रास्तकोच्या हातात आला. म्हातारा नीट ओढतच नव्हता, हे सेन्काला स्पष्ट दिसलं.

स्वेतोझार आपला लहान तुकडा खात टेबलाशी बसले आणि त्यांनी रिकाम्या भांड्यांवर नजर फिरवली. “पुढच्या वर्षी मासा जास्त सांगा,” ते म्हणाले. “इतकी माणसं माझ्याकडे कधी आली नाहीत.”

पुढच्या वर्षी म्हणजे इथेच, हे रास्तकोला कळायला एक क्षण लागला. मग त्याचा चेहरा असा फुलला की सेन्काला त्याच्याकडे बघून हसूच आलं.

“आणि पाद्र्याचं काय?” तिने विचारलं.

“ते मी बघतो,” बापलेक एकदमच म्हणाले.