लुइटपोल्डचं उजव्या खुराचं लग्न

एका जंगलात... आपल्याकडच्या नव्हे रे, जर्मन मुलखातल्या. मध्ये बोलायचं नाही, आधी नाकं पुसा.

तर तिथे रानडुकरांची राजघराणी राहत. ओकचं एक झाड म्हणजे एक राज्य. प्रत्येक झाडाखाली एक राजा, एक बँड आणि ढीगभर राजपुत्र.

राजपुत्रांनी लग्न बरोबरीच्या कुळातच करायचं, असा कायदा होता. त्यामुळे सगळे एकमेकांचे सोयरे. कुणाची आत्या तीच मामी, आजोबा तेच मावसकाका! असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि शेवटी त्यांची नाकंच बाद झाली. डुक्कर असून वास येईना! जमिनीखालचं खाणं नोकरांनी उकरून द्यायचं, तेव्हा हे जेवायचे.

त्यातला एक लुइटपोल्ड. जीभ अडकली तर अडकू द्या, नाव हेच आहे. आईविना पोर. कुनिगुंडा आत्याबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

एक दिवस तो म्हणाला, "आत्याबाई, मला लीझलशी लग्न करायचंय."

"कुठल्या घराण्यातली?"

"गिरणीमागे राहते. जमिनीखालची अळंबी नुसत्या वासावर शोधते."

"अरे मेल्या! घरात मार्गारेटा असताना गिरणी कशाला?"

"ती माझी मामेबहीण आहे."

"मग?"

"आणि चुलतबहीणही."

"दोन्हीकडून माहितीतली! चौकशीची कटकट नाही."

"तिला वास येत नाही हो."

"तुला तरी कुठे येतो? छत्तीस गुण जुळले!"

लुइटपोल्ड ऐकेना. मग आत्याबाईंनी तोडगा काढला. त्या घराण्यात खालच्या कुळातली मुलगी केली, तर नवऱ्याने लग्नात उजवा खूर द्यायचा नाही, डावा द्यायचा. मग ती बायको होते, पण राणी होत नाही. पोरं होतात, पण वारस होत नाहीत.

"डावा खूर दे आणि मोकळा हो," आत्याबाई म्हणाल्या. "उजवा दिलास तर तू मला मेलास."

लग्नात लुइटपोल्डने डावा खूर उचलला. लीझलचा चेहरा पडला. त्याने तो खाली ठेवला आणि उजवा पुढे केला.

आत्याबाईंनी ओकच्या खोडावरचं त्याचं नाव खरवडून टाकलं. तो गिरणीमागे राहायला गेला. लीझल शोधायची, तो उकरायचा. पोरांना झकास नाकं होती. पण सणासुदीला ओककडे बघून त्याला फार वाईट वाटायचं.

पुढे समुद्रापलीकडच्या जंगलातून एक करकोचा आला.

"आम्हाला राजा हवा," तो म्हणाला. "आमच्यातला केला की बाकीचे जळतात. पण सध्या दुष्काळ आहे, तेव्हा खाणं शोधणारा द्या."

त्याने मैदानात एक अळंबं पुरून ठेवलं. सगळे राजपुत्र पदकं लावून आले आणि हुंगू लागले. एक तर नेमका त्यावरच उभा राहून विचारत होता, "जेवण कधी आहे?"

गंमत बघायला गिरणीवाले आले होते. लुइटपोल्डलाही काही कळलं नाही बरं का! लीझल मात्र सरळ चालत गेली, त्या राजपुत्राला म्हणाली, "जरा सरका," आणि अळंबं काढून दिलं.

"मिळाली राणी!" करकोचा म्हणाला. "नवरा राजा म्हणून चालेल."

आत्याबाई धावतच आल्या. "अगं बाई, मी म्हणतच होते! लीझलची पणजी सरदारघराण्यातली. चेहऱ्यावरच दिसतं!"

संध्याकाळपर्यंत लुइटपोल्डचं नाव खोडावर परत कोरलं गेलं, शेजारी लीझलचंही. आत्याबाईंनी जवळ घेतल्यावर तो भोळा ढसाढसा रडला.

आत्याबाई हळूच लीझलला म्हणाल्या, "धाकट्या भाच्यासाठी तुझी एखादी बहीण आहे का गं?"

"आहे ना, आत्याबाई," लीझल म्हणाली. "पण आमच्यात मुलाला वास येतो का ते आधी बघतात."

तात्पर्य : कुळापेक्षा गुण मोठे, असं गुरुजींनी शिकवलं असेल, तर विसरा. कूळच मोठं. फक्त ते सून राणी झाल्यावर शोधावं, म्हणजे हमखास सापडतं.