वानखेडेताईंचे फुटाणे

आमच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात कुणी वारलं की वानखेडेताई भेटायला जातात. सगळे मान खाली घालून बसलेले असतात आणि कोपऱ्यातून आवाज येतो, कुरुम कुरुम. ताई फुटाणे खात असतात. एकदा वारलेल्या माणसाच्या बहिणीने डोळे वटारले. ताईंनी पिशवी तिच्यापुढे धरली. "घे गं. रडायलाही ताकद लागते." तिने घेतले.

ताई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, एकट्या. मूळच्या अमरावतीकडच्या, सरकारी ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. बाई जरा खादाड आहेत, असंच मला वाटायचं. शेवटी एकदा जिन्यात धीर करून विचारलं.

"अगं, लोकांची साखर चढते, माझी गडगडते," त्या म्हणाल्या. "गोड खाल्लं की भराभर वर, आणि दोन-तीन तासांनी धाडकन खाली. हात थरथरतात, घाम फुटतो, आणि समोर दिसेल त्याच्याशी मी भांडते. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलंय. मी आपलं उतार म्हणते."

उतार लागला की आधी दोन घोट सरबत, मग लगेच फुटाणे. नुसतं सरबत प्यायलं तर पुन्हा घसरगुंडी. उतार लागूच नये म्हणून दिवसभर थोडं थोडं खात राहायचं.

मला याचं फार नवल वाटलं. खाली भाजीवाल्यावर ताईंचा आवाज चढला की मी ओळखायचे, आज ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता.

संक्रांतीच्या सुमाराला आमचं मराठी मंडळ बस करून पानिपतला जातं. आपलं सैन्य जिथे पडलं, त्या काला अंबला फुलं वाहतात. गेल्या वर्षी मंडळाच्या जोशीकाकांनी ताईंना आग्रह करकरून तिळगुळाचे लाडू खायला घातले. "घ्या हो, आणि गोड बोला!" परतताना ताई बसमध्ये उठून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, "भैया, तुमसे तो बैलगाडी अच्छी!" काकांकडे वळून म्हणाल्या, "आणि जोशी, तुमचा मघाचा पोवाडा त्या लढाईत कुणी म्हटला असता ना, तर शत्रू आपणहून पळाला असता."

यंदा काका म्हणाले, "वानखेडेबाई नकोत. बिल्कुल नाही."

ताईंच्या कानावर ते गेलंच. जिन्यात भेटल्या, तेव्हा किल्ली चाचपत म्हणाल्या, "वर्षातून एकदा तर आपली माणसं एका गाडीत बसतात गं."

मंडळाच्या बैठकीत मी चहा देते आणि मागे बसते. बोलत नाही. त्या दिवशी म्हटलं, "मी बसते त्यांच्याशेजारी. सांभाळते."

काका इकडेतिकडे बघायला लागले, आवाज कुठून आला म्हणून. मग म्हणाले, "चलो, तुमच्या भरवशावर."

काला अंबला सगळ्यांनी फुलं वाहिली. ताईंनी पिशवी उलटी केली आणि फुटाण्यांची रास ओतली.

"अहो, हे काय?" काका हसले.

"उपाशी लढले हो ते. छावणीत दाणा उरला नव्हता म्हणतात. हात थरथरले असतील, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल. तेव्हा काय वाटतं मला विचारा. कुणीतरी शेजारी असावं, एवढंच वाटतं."

काकांनी हसू आवरलं. जरा वेळाने त्यांनी खिशातून तिळाचा लाडू काढला, मोडला आणि अर्धा ताईंपुढे धरला. ताईंनी तो खाल्ला. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते.

"प्रेमाने दिला गं," ताई मला म्हणाल्या. "नाही कसं म्हणू?"

"पण फुटाणे तर सगळे ओतलेत तुम्ही!"

"एरवी निम्मे राखून ठेवले असते. पण सकाळपासून तुझी पिशवी वाजतेय. बहिरी नाही मी."

कुणाला न सांगता मी फुटाण्यांचा पुडा घेतला होता. सरबताची बाटलीसुद्धा.

परतीच्या वाटेवर अंधार पडायला लागला तशा ताई कडाडल्या, "भैया, गाड़ी है या कछुआ?" आणि ओरडता ओरडताच, माझ्याकडे न बघता, त्यांनी हात पुढे केला. हात थरथरत होता. मी आधी बाटली दिली, मग मूठभर फुटाणे ठेवले.

कुरुम कुरुम.

काही वेळाने ताई खिडकीला डोकं टेकून म्हणाल्या, "आराम से चलाओ भैया. कोई जल्दी नहीं."