मांडी घालून मॅरेथॉन

पळता पळता कुणी खायला दिलं, की आमचे सुदामअण्णा थांबतात, रस्त्याकडेला मांडी घालतात, हात धुतात आणि शांतपणे जेवतात. अंकुशनगरच्या रस्त्यावर ऊसतोडीच्या बाया त्यांना पेरू, भाकरीचा चतकोर, काही ना काही देतात. दिलेल्याला नको म्हणायचं नाही आणि अन्न उभ्यानं खायचं नाही, हा त्यांच्या घरचा दंडक. त्यामुळे पाच किलोमीटर पळायला त्यांना कधी कधी दोन तास लागतात.

अण्णा तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. माणूस दिसला की आधी त्याचं वजन सांगणार, मग रामराम. मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. मला ते रोज सकाळी, "गुरुजी, शहात्तर. टोपीसकट," असं सांगूनच पुढे जातात. माझ्या सासऱ्यांना त्यांनी पहिल्याच भेटीत एकशे चार म्हटलं. सासरे त्यानंतर आमच्याकडे फारसे फिरकले नाहीत, याबद्दल मी अण्णांचा आजन्म ऋणी आहे.

पण पन्नाशी उलटल्यावर या माणसाला पळायचं वेड का लागलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांच्या तोंडावर कुणी हसत नव्हतं. त्यांची वैशाली पोलीस भरतीची तयारी करायची. रोज पहाटे ती पुढे पळायची आणि अण्णा मागून मोटारसायकलवर, गळ्यात शिट्टी अडकवून. तीन वर्षांपूर्वी असाच सराव चालू असताना ती कालव्याच्या रस्त्यावर कोसळली, ती उठलीच नाही. एकवीस वर्षांची पोर. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी अण्णा तिच्या वेळेला उठले, पायांत बूट घातले आणि पळायला लागले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ते परत येईपर्यंत दारात उभ्या राहायच्या. अजूनही राहतात.

यंदा त्यांनी मुंबईची बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन पळायचं काढलं. अर्धी पळा, मी म्हणालो. ऐकतील तर अण्णा कसले. म्हणाले, "अर्धीनं काय व्हतं? मला दम पुरा संपेस्तोवर जायचंय. त्याबिगर मला चैन न्हाई." डॉक्टरांचा कागद आणला, नाव नोंदवलं. काकूंनी मला बाजूला घेतलं. पदक नको न् काही नको, माणूस तेवढा परत आणा, एवढंच त्या म्हणाल्या. अण्णांना घेऊन मी जालन्याहून गाडीत बसलो.

मुंबईत पहाटे रांगेत उभं राहून अण्णांनी पुढच्यामागच्या दहाबारा जणांची वजनं सांगितली. एक बाई रागावल्या. मग सगळे सुटले आणि मी चाळिसाव्या किलोमीटरच्या पाटीपाशी जाऊन थांबलो.

वाटेत काय झालं ते मला नंतर कळलं. पहिल्या टेबलावर पोरांनी केळं पुढे केलं. अण्णा बसले. मांडी घालून. हात धुतले, केळं खाल्लं, देणाऱ्याला गाव विचारलं. चक्कर आली असं समजून दोघं जण स्ट्रेचर घेऊन धावत आले, त्यांना अण्णांनी वजनं सांगून परत पाठवलं. दुसऱ्या टेबलावर तेच, तिसऱ्यावर तेच. हजारो लोक धावता धावता पाणी पिऊन ग्लास फेकून जात होते आणि हा एकटा माणूस प्रत्येक टेबलापाशी पंगतीला बसत होता. फुकट खाऊ घालणाऱ्याकडे पाठ कशी फिरवायची, हा त्यांचा सवाल होता.

ऊन चढलं. रस्ता विरळ झाला. मागे राहिलेल्यांना उचलणारी बसही दिसायला लागली. काकूंना काय तोंड दाखवू, याच विचारात मी होतो आणि तेवढ्यात अण्णा दिसले. तोंड राखेसारखं, ओठ फुटलेले, डावा पाय नुसता ओढत आणलेला. माणूस जिवंत दिसला याचाच मला इतका आनंद झाला, की मी टाळ्या वाजवत ओरडलो, "अण्णा, थोडंच राहिलंय! थांबू नका!"

अण्णा थांबले. माझ्याकडे बघत राहिले आणि तिथेच रस्त्यावर पाय पसरून बसले.

"गुरुजी, म्या हेच म्हणत व्हतो," ते म्हणाले. "त्या दिवशी, गाडीवरून. थोडंच राह्यलं, थांबू नको. तिनं दोनदा मागं वळून पाह्यलं व्हतं."

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. काकूंनाही नाही.

"मला पाह्याचं व्हतं, दम पुरा संपल्यावर माणसाला थांबता येतं का. येतंय, गुरुजी. बिलकुल येतंय. मी थांबलो ना आत्ता." त्यांना धाप लागली होती. "पर तिच्या मागं बाप व्हता. ती कशी थांबंल?"

मी त्यांच्याजवळ डांबरावर बसलो, त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि म्हणालो, "बास झालं, अण्णा. आता उठायचं नाही."

त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि हंबरडा फोडला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

कठड्यापलीकडचे लोक टाळ्या वाजवत होते. मोठे भले लोक. उठा काका, थोडंच राहिलंय, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.