साळूबाईंचा साकव आणि नगरपालिकेचा दुखवटा

एका जंगलात, म्हणजे तुमच्या शाळेच्या पुस्तकात असतं तसल्याच एका जंगलात, एक नगरपालिका होती. जंगलात नगरपालिका कशी, असं विचारू नका मुलांनो. गावात ती कशाला असते, हेही मोठ्या माणसांना अजून नीटसं कळलेलं नाही.

नगरपालिकेचे अध्यक्ष होते रावसाहेब गवे. गवा अंगाने एवढा मोठा असतो की त्याला वेगळं काही करून दाखवावं लागत नाही. विरोधी पक्षनेते होते हुप्पे नावाचे वानर. ते चहा सोडून सगळ्याला विरोध करत. आणि नाल्यापलीकडच्या प्रभागातून निवडून आल्या होत्या साळूबाई साळिंदर.

साळूबाईंचं मागणं एकच होतं. नाल्यावर एक साकव बांधून द्या. साकव म्हणजे छोटासा पूल. शाळा नाल्याच्या अलीकडे, आणि त्यांच्या प्रभागातली सगळी पिल्लं पलीकडे. मध्ये एक जुना ओंडका आडवा पडलेला होता, त्यावरून ती तोल सावरत यायची. मागच्या पावसाळ्यात तो ओंडका वाहून गेला. त्याच्यासोबत साळूबाईंची धाकटी, चिमी, तीही वाहून गेली. नशीब म्हणून खालच्या अंगाला एक म्हैस डुंबत होती. चिमी तिच्या पाठीला जाऊन टोचली आणि तिथेच अडकली. चिमी वाचली. म्हशीला मात्र कितीतरी दिवस पाठीवर लोळता आलं नाही.

तेव्हापासून आभाळात ढग दिसला की साळूबाई नाल्याकडे धावत सुटायच्या. दर पावसाळ्यात म्हैस काय जागेवर थोडीच असणार?

आता या नगरपालिकेची एक रीत होती. सभेत पहिला विषय दुखवट्याचा. जंगलात कोणी वारलं असेल तर सगळे उभे राहत, भाषणं होत, दोन मिनिटं स्तब्धता पाळली जाई, आणि मग दिवंगताच्या सन्मानार्थ सभा तहकूब. दुखवट्याच्या ठरावाला विरोध करायचा नाही, ही आणखी एक रीत. हुप्पेसुद्धा करत नसत. कारण सभा तहकूब झाली की लगेच भजी यायची.

दुसरा विषय साकवाचा. तो कधी आलाच नाही. जंगल म्हटलं की कोणी ना कोणी मरतंच.

एकदा एका बेडकासाठी सभा तहकूब झाली. एकदा वठलेल्या बाभळीसाठी झाली. एका सभेत तर वटवाघूळ उभं राहून श्रद्धांजली वाहतंय की लोंबकळून, यावरच वाद पेटला. शेवटी दोघांनी त्याला सरळ धरलं. घुबड स्तब्धतेत घोरत होतं, तर रावसाहेब म्हणाले, "पाहा, दुःख किती खोल गेलंय."

साळूबाईंचं डोकं फिरलं. पावसाळा तोंडावर आला होता, आणि त्याआधी एकच सभा उरली होती, सोमवारची. त्यांनी मनाशी ठरवलं की सोमवारपर्यंत या जंगलात कोणाला मरू द्यायचं नाही.

आधी त्या वाघाकडे गेल्या.

"वाघोबा, सोमवारपर्यंत उपास धरा."

"बाई, मी वाघ आहे. साबुदाण्यावर राहू का?"

"मग नगरपालिकेच्या हद्दीबाहेर जाऊन जेवा. बाहेरच्यांचा दुखवटा आम्ही करत नाही."

वाघ नाही म्हणणार होता. पण साळूबाईंनी अंगावरचे काटे खळकन उभे केले, तेव्हा त्याला एकदम आठवलं की शेजारच्या जंगलातली हवा फार छान असते.

मग त्या तात्या कोल्ह्यांकडे गेल्या. तात्या माजी उपाध्यक्ष. फार म्हातारे. ते आता जातात की मग जातात, अशी त्यांची अवस्था होती. सगळे सदस्य आळीपाळीने येऊन "आज कसं वाटतंय?" असं मोठ्या आशेने विचारून जात.

"तात्या, हा काढा घ्या. सोमवार संध्याकाळपर्यंत मरायचं नाही."

"कडू आहे गं!"

"असू दे. प्या."

तात्यांनी तोंड वेडंवाकडं करत काढा घेतला. मग हळूच म्हणाले, "मरायची घाई नाही गं मला. पण माझ्यावर काय भाषणं करतात, ते ऐकायची फार हौस आहे."

"ऐकवीन. पुढच्या सभेत."

सोमवार उजाडला. जंगलात सगळे ठणठणीत होते. तात्या तर स्वतःच्या पायांनी सभागृहात आले. त्यांना पाहून रावसाहेबांचा चेहरा पडला.

"अरे, तुम्ही? बरे आहात?"

"एकदम!" तात्या म्हणाले. सभागृहात हळहळ पसरली.

रावसाहेबांनी घसा खाकरला. "पहिला विषय, दुखवटा. कोण वारलं?"

हुप्पे उठले. "अध्यक्ष महोदय, परवा एक डास अकाली गेला."

"तो तुम्हीच मारलात!" साळूबाई कडाडल्या. "तोही आत्ता, इथे, माझ्यादेखत!"

हुप्पे तळहात पुसत खाली बसले. रावसाहेब नाइलाजाने म्हणाले, "तर मग... विषय दुसरा..."

इतक्यात खिडकीत सरकारी कावळा येऊन बसला.

"सिंहमहाराजांचा हुकूम!" तो ओरडला. "ही नगरपालिका शेजारच्या महाजंगलपालिकेत विलीन करण्यात येत आहे. आज सूर्य मावळला की ही नगरपालिका संपली. काव!"

मग रावसाहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज चढलं.

"म्हणजे नगरपालिकाच वारली!" ते म्हणाले. "उभे राहा! पहिला विषय, दुखवटा!"

सगळे धडपडत उभे राहिले. वटवाघळाला सरळ धरण्यात आलं. रावसाहेब भाषणाला लागले. "आपल्या या लाडक्या नगरपालिकेने काय नाही केलं! तिने... म्हणजे तिने..."

ते आठवू लागले. बाकीचेही आठवू लागले. त्या दिवशीची स्तब्धता दोन मिनिटांपेक्षा बरीच लांबली.

तेवढ्यात हुंदका ऐकू आला. साळूबाई रडत होत्या. इतक्या जवळ आलेला साकव हातातून गेला होता, आणि आता नाल्याच्या काठाशी थांबून पिल्लं मोजण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरलं नव्हतं. त्या ओक्साबोक्शी रडल्या.

रावसाहेबांना गहिवरून आलं. "साळूबाई, एवढं प्रेम होतं तुमचं हिच्यावर? आम्हाला वाटलं तुम्ही विरोधात. खरंच, उद्यापासून आम्हाला कोण ओळखणार हो?" आणि तेही रडू लागले. गवा रडला की जमीन हलते.

साळूबाईंनी डोळे पुसले. रावसाहेबांकडे पाहिलं, आणि रडता रडताच थांबल्या.

"स्मारक करा," त्या म्हणाल्या.

"कोणाचं?"

"नगरपालिकेचं. चांगल्या दगडाचं. त्यावर तुम्हा सगळ्यांची नावं."

"वा!" रावसाहेबांचे डोळे चमकले. "उंच करू! झाडाएवढं!"

"उभं नको," साळूबाई म्हणाल्या. "आडवं. गेलेल्याला आडवंच ठेवतात."

हे सगळ्यांना पटलं.

"आणि जागा?"

"नाल्यावर. एक टोक या काठावर, एक त्या काठावर. म्हणजे दोन्हीकडच्या जनतेला तुमची नावं वाचता येतील."

हुप्पे विरोध करायला उठले, पण दुखवट्याच्या ठरावाला विरोध करायचा नसतो. ते तसेच खाली बसले. ठराव एकमताने मंजूर झाला. आणि मुलांनो, सूर्य मावळला की अधिकार जाणार, म्हटल्यावर त्या दिवशी नगरपालिका जी पळाली, तशी ती जन्मात पळाली नव्हती. हत्तींनी शिळा ओढल्या. सुतार पक्ष्यांनी नावं कोरली. हुप्पे तर नाल्यात उतरून स्वतःच्या खांद्यावर दगड तोलत होते, कारण त्यांचं नाव शेवटच्या शिळेवर यायचं होतं. दिवस बुडता बुडता स्मारक उभं राहिलं. म्हणजे, आडवं झालं.

मग पाऊस आला. धो धो आला. नाला दुथडी भरून वाहू लागला, आणि पिल्लं रावसाहेबांच्या नावावर पाय देऊन, हुप्प्यांच्या नावावर उड्या मारत शाळेत जाऊ लागली. एका पावसाळ्यात निम्मी नावं पुसट झाली. तात्या कोल्हे अजून जिवंत आहेत. भाषणं करणारं कोणी उरलं नाही म्हटल्यावर मरण्यातला त्यांचा रसच गेला.

एकदा साकवावरून जाताना चिमीने विचारलं, "आई, ही नगरपालिका काय करायची गं?"

साळूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. खालून पाणी गर्जत जात होतं.

"आत्ता करतेय ना," त्या म्हणाल्या, "ते करायची नाही."

तात्पर्य: मुलांनो, नगरपालिकेकडून काम करून घ्यायचं असेल तर अर्ज करू नका, मोर्चा काढू नका. ती मरेपर्यंत धीर धरा, आणि मग मनापासून रडा. ज्यांना रडू येत नसेल, त्यांनी आधी अर्ज करून पाहावा. येईल.