नजरेच्या टप्प्यातलं सुकेळं

घारीला परवाना लागत नाही.

राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होतात. दोन दिवस ढग आले की होत नाहीत.

नालासोपारा पश्चिमेला एका सोसायटीत पडदेवाला एकाच आठवड्यात तीनदा आला.

अडीचशे ग्रॅम.

डेरिकच्या चष्म्याचा नंबर उणे साडेचार आहे.

या पाच गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं वाटणाऱ्याने कायदा कधी वाचलेला नसतो.

जे दिसतं ते कायदेशीर आणि जे दिसत नाही ते संशयास्पद, हे सुसंस्कृत समाजाचं मूलतत्त्व आहे. हौशी ड्रोनचा नियमही याच उदात्त पायावर उभा आहे. यंत्र नजरेच्या टप्प्यात असावं. नजरेपलीकडे न्यायचं तर वेगळी परवानगी हवी. नियमाचा मोठेपणा असा, की तो सगळ्यांना सारखंच आकाश देत नाही. ज्याचे डोळे चांगले, त्याचं आकाश मोठं. डेरिकचं आकाश अंगणातल्या नारळापाशी संपत होतं.

नारळापुढे तो फोनमधल्या नकाशावर आपल्या ड्रोनचा सरकणारा ठिपका पाहायचा आणि श्रद्धेने बोट फिरवायचा. गास गावातून निघालेला ठिपका केळीच्या वाड्या, बांध आणि पाण्याची टाकी ओलांडून त्या सोसायटीच्या गच्चीवर उतरे. तिथे ऋतिका उभी असे. ती ठिपक्याच्या पोटाला बांधलेलं, सुक्या पानात गुंडाळलेलं सुकेळं सोडवून घेई आणि ठिपका परत पाठवी. (दोघांकडे फोन होते. पण फोनवरून सुकेळं पाठवता येत नाही. शिवाय ऋतिकाचा फोन तिची आई बघायची.)

ऋतिकाची आई, वसुंधरा मॅडम, सोसायटीच्या सेक्रेटरी. ड्रोन आपल्या स्वयंपाकघरात डोकावतो, अशी सभासदांची खात्री होती. तसा ठराव झाला. जाड पडदे लावून झाल्यावर सभासद पडद्याच्या फटीतून ड्रोनवर लक्ष ठेवू लागले. शेवटी पोलिसांत तक्रार गेली: अज्ञात यंत्र, नजरेपलीकडचं उड्डाण. चौकशीला हवालदार शत्रुघ्नराव सोसायटीच्या ऑफिसात आले आणि गासमध्ये ड्रोन एकच असल्याने डेरिकला बोलावणं गेलं.

यंत्र जप्त झालं असतं तर गास ते गच्ची ही एकमेव टपालसेवा बंद पडली असती. आणि यंत्र कुणासाठी उडत होतं हे कळलं असतं, तर ऋतिकाचं गच्चीवर जाणंच बंद पडलं असतं. डेरिकला दोन्ही वाचवायची होती. म्हणून त्याने शेजारच्या रोझमेरी आंटीला साक्षीला येण्याची विनंती केली. फक्त एवढंच सांगायचं, की ड्रोन बांधापर्यंत दिसत होता.

गासमध्ये कुणी कुणाला अर्धवट मदत करत नाही. आंटी दोन रिक्षा भरून माणसं घेऊन आली.

शत्रुघ्नरावांनी विचारलं, यंत्र तुझ्या नजरेत होतं का? डेरिक खोटं बोलायला उठला, समोर बसलेली आंटी दिसली आणि खरं बोलून बसला.

"नारळापर्यंत."

"फुडं आमी व्हतो," आंटी म्हणाली.

मग जी साक्ष झाली तिला तोड नाही. नारळापासून वाडीपर्यंत भुंगा आंटीच्या ओट्यावरून दिसे. (गावात ड्रोनला भुंगा म्हणतात.) वाडीत केळींना पाणी सोडणारा गॉडफ्रे तो पुढे बांधापर्यंत बघत राही. पाणी कुठे जातंय हे तो बघत नसे, आणि याबद्दल त्याच्या बायकोने तिथेच वेगळी तक्रार मांडली. बांधावरून टाकीपर्यंत बसस्टॉपवरची मंडळी. बस आली तरी ती चढत नसत. म्हणजे एवढ्या वाटेत भुंगा क्षणभरही नजरेआड झाला नव्हता. नजर ड्रोन उडवणाऱ्याचीच हवी की कुणाचीही चालते, हे शत्रुघ्नरावांजवळच्या कागदात स्पष्ट नव्हतं. त्यांनी ते गावाच्या बाजूने धरलं.

"आणि गच्चीवर कोण घ्यायचं?" वसुंधरा मॅडमनी विचारलं.

"ते नाय सांगनार. आमी भुंग्याचं सांगाया आलो," आंटी म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "पिवला ड्रेस व्हता."

ऋतिका दाराशी उभी होती. ड्रेस पिवळाच होता.

डेरिकने चष्मा काढून पुसायला घेतला. समोरचं काही दिसू नये यासाठी त्याच्याकडे तेवढाच उपाय होता.

वसुंधरा मॅडमनी मुलीकडे पाहिलंही नाही. टाकीच्या मागे, त्या म्हणाल्या, गावातून उंच गच्ची तेवढी दिसते, मधलं काहीही दिसत नाही. टाकी ते गच्ची हा भाग नजरेपलीकडचा. तिथे कायदा मोडला. गॉडफ्रेने मान खाली घातली. टाकीमागचं खरंच कुणी पाहिलं नव्हतं. शत्रुघ्नरावांनी टेबलावरचा ड्रोन जप्तीसाठी स्वतःकडे ओढला.

"पण टाकीमागून तो गच्चीवरच जातो, हे तुम्हाला कसं कळलं, मॅडम?"

"कसं म्हणजे? किचनच्या खिडकीतून रोज बघते. उतरेपर्यंत नजर हलवत नाही मी."

शत्रुघ्नरावांनी हे शब्दशः लिहून घेतलं, मग स्वतःच वाचलं आणि ड्रोन परत ढकलला. साखळीतली शेवटची कडी तक्रारदारानेच जोडली होती. उड्डाण गासपासून गच्चीपर्यंत सलग दिसलेलं, म्हणजे कायदेशीर होतं.

"रोज?" ऋतिका म्हणाली. "मग बोलली का नाहीस?"

"बंद झालं असतं. दर दुसरं सुकेळं तू फ्रिजमध्ये ठेवायचीस ना."

"आणि तक्रार?"

"ती सेक्रेटरीने केली. मी आई आहे."

वजनाचा मुद्दा तेवढा उरला. नुसता ड्रोन दोनशे एकोणपन्नास ग्रॅम, म्हणजे नॅनो. सुकेळं लटकवलं की अडीचशेच्या वर, म्हणजे वरचा वर्ग आणि वेगळे नियम. एका वाळलेल्या केळ्याने एवढी बढती दुसऱ्या कुठल्या खात्यात मिळत नाही. मोजण्यासाठी मॅडमच्या फ्रिजमधलं शेवटचं सुकेळं मागवलं. ते चहाबरोबर आलं, चहाबरोबर फिरलं आणि वजनकाटा येईपर्यंत पुरावा उपलब्ध नव्हता. (शत्रुघ्नरावांनी मिशा पुसत तशी नोंद केली.)

शेवटी असं ठरलं, की यापुढे डेरिकने सुकेळी घेऊन रविवारी स्वतः चालत यावं, दारातून यावं, आणि येताना आईलाही आणावं. आता तो वाड्या, बांध आणि टाकीवरून पायी जातो. आंटी, गॉडफ्रे आणि बसस्टॉप त्याला एकमेकांच्या हवाली करतात. टाकीपुढे मॅडम घेतात.

सोसायटीचे पडदे अजून आहेत. फटीही आहेत.

तुम्हीही नारळापासून गच्चीपर्यंत नजर न हलवता आलात, पिवळ्या ड्रेसपाशी थोडे थांबलात. तुमच्याकडे कुणी परवाना मागितला नाही.

ड्रोनचा कॅमेरा पहिल्याच आठवड्यात, नारळाच्या झावळीवर आपटून फुटला होता.